शेवटचं पाहिलं ती तारीख

९ जानेवारी

खारे,

तू पाठवलेल्या पेपराच्या शेवटच्या चार पानांवर नावंच नावं आहेत आणि त्यांत मी नाही. आधी एकेका नावावर बोट ठेवून मी स्वतः वाचलं. चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, तेव्हा म्हटलं आपलीच नजर चुकली असेल. मग चष्मा पुसून समोरच्या झेरॉक्सवाल्याला वाचायला लावलं. त्याने वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही नाही यात." वर दात काढून म्हणतो, "मीपण नाही." म्हटलं, तू कशाला असशील रे, तू काय लॉन्ड्रीत राबलास का.

तुझा तो विद्यापीठातला पेपर आमच्या लॉन्ड्रीवरच आहे ना? कपड्याच्या कोपऱ्यात दोऱ्याची खूण घालायची, म्हणजे धुऊन झाल्यावर ज्याचा कपडा त्याला जातो, त्यावरच ना? ते खुणेचं टेबल माझं. त्याच्या खाली बसून खिशांतून निघालेली बटणं डब्यात साठवत बसायचीस तू, म्हणून तर तुझं नाव खार पडलं. आणि यादीत कोण? एक कुठला तरी गृहस्थ, तीन तीन वेळा. जन्मात त्याने स्वतःचा रुमाल धुतला नसेल. त्याच्या पुस्तकाचं नाव तर तिरकं छापलंय, फोटो काढताना मान वाकडी केल्यासारखं.

मी आहे म्हणे, पण आत, कंसात. झेरॉक्सवाल्याने शोधून दाखवलं. आडनाव, नावाचं एक अक्षर, 'व्यक्तिगत संवाद' आणि तारीख. चौकीत नाव लिहून घेतात तसं. तुझी आई गेली तेव्हा तू दुधाचे दात पाडत होतीस. तेव्हापासून तुला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं, आणि आता मी एका अक्षरावर आले. एवढ्या पानांत 'मावशी' हा शब्द एकदाही नाही. शेवटी आभार मानलेस तेही 'सर्व कामगार स्त्रियांचे'. मी सर्व स्त्रिया आहे का?

आणि त्या तारखा. सगळ्या एकाच आठवड्यातल्या. झेरॉक्सवाला म्हणतो, "एका आठवड्यात एवढं बोललात?" त्याला काय सांगू, तो आठवडा तीन वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर आपण बोललेलोच नाही. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. कपडे धुवायच्या ड्रमच्या शेजारी बसून त्यांची वाट लागली. समोर माणसाचं तोंड असलं तर कळतं, फोनमध्ये नुसती घरघर. मागे झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर तुझा चेहरा दाखवला होतास, तेव्हा काचेतला मासा तोंड हलवतो तशी दिसलीस. वाळलीस पण.

यादीत का नाही ते सरळ लिही. गोल गोल नको.

मावशी


२१ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले. तारखांपाशी आल्यावर हसू थांबलं.

संदर्भसूचीचा नियम मी केलेला नाही गं. यादीत तेच येतं जे वाचणाऱ्याला स्वतः जाऊन पाहता येतं. पुस्तक असेल तर ते ग्रंथालयात मिळतं. पण दोघीजणी टेबलापाशी बसून बोलल्या, ते ऐकायला परत कोण कुठे जाणार? म्हणून बोलणं जिथल्या तिथे कंसात सांगायचं, तारखेसकट, आणि यादीत घ्यायचं नाही. आडनाव आधी आणि नावाचं एकच अक्षर, हे सगळ्यांना सारखंच आहे. तो तीन वेळा आलेला गृहस्थसुद्धा एकाच अक्षराचा आहे. तिरकी अक्षरं मानाची नसतात, ते पुस्तकाचं नाव आहे एवढं कळावं म्हणून असतात.

तुला खोटं वाटेल, पण गेले कित्येक दिवस मी दुसरं काही करत नाहीये. वर्ष कंसात घ्यायचं की बाहेर, स्वल्पविराम आधी की नंतर, पान क्रमांक द्यायचा की नाही. आधी ज्या नियतकालिकाकडे पाठवायचं ठरलं होतं त्यांची पद्धत एक, आता ज्यांनी तपासायला घेतलाय त्यांची दुसरी. त्यामुळे सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून. इंटरनेटवरचं पान असेल तर त्याच्यापुढे 'शेवटचं पाहिलं' असं लिहून तारीख टाकायची, कारण ते पान उद्या तिथे असेलच असं नाही. खोलीत माझ्याशिवाय कोणी नसतं, मी आणि हे स्वल्पविराम.

'मावशी' हा शब्द मी मुद्दाम गाळला. परीक्षक म्हणाले असते, घरच्याच बाईला विचारून पेपर लिहिला. रागावू नकोस.

एक काम आहे. सोबत संमतीचा कागद जोडलाय. तुझं बोलणं छापायला तुझी हरकत नाही, एवढंच त्यात आहे. खाली सही करून पाठव. मार्च संपायच्या आत संपादकांकडे जायला हवा. हा पेपर छापून आला तर माझी इथली नोकरी पक्की होईल, नाहीतर करार संपला की मी रस्त्यावर. म्हणूनच या वर्षीही येणं जमेलसं दिसत नाही. पुढच्या वर्षी नक्की.

तू कशी आहेस ते लिहीत जा ना. तुझ्या पत्रात मीच असते नुसती.

तुझी
खार


३ फेब्रुवारी

खारे,

नियम कळला. वाईट नाही नियम. जे जाऊन बघता येतं ते यादीत. मग मला काय धाड भरलीय? मी काय धूर आहे? रोज सकाळी टेबलाशी बसते, संध्याकाळी उठते, मागच्या खोलीत झोपते. ज्याला बघायचं त्याने यावं. तुझ्या त्या पुस्तकवाल्यापेक्षा मी लवकर सापडेन.

झेरॉक्सवाल्याला बसवलं, तुझ्या यादीतली एक ओळ समोर ठेवली आणि तशीच माझी करायला लावली. त्याने दोन चहा प्यायले पण केली. तुझ्या नियमाप्रमाणे आडनाव आणि अक्षर तू टाक. पुढचं असं:

(अजून चालू). खुणेचं टेबल. लॉन्ड्रीचं मागचं दार, बॉयलरच्या डाव्या हाताला. ड्रम बंद झाल्यावर यावे, आधी आल्यास ऐकू येणार नाही. शेवटची पाहिली: तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात.

'खुणेचं टेबल' तिरकं करायचं म्हणाला. मी म्हटलं, माझं टेबल सरळ आहे, पण कर. शेवटची ओळ मी सांगितली. तूच लिहिलंस ना, जे उद्या असेलच असं नाही त्याच्यापुढे तारीख टाकायची.

घरची बाई म्हणून मला लपवलीस, हे मात्र डोक्यात गेलं. बाहेरच्या बाईने तुला एवढं सांगितलं असतं का? बाहेरच्या बाईने तुला दारातून हाकललं असतं, कामाची वेळ आहे म्हणून. आपल्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीला जाऊन विचार, आजपर्यंत बाहेरच्या कोणाला इस्त्रीला हात लावू दिलाय का.

तुझा पेपर परत पाठवते आहे. त्यात मी टाके घातलेत. पेनाने लिहिलं असतं तर माझ्या अक्षराला हसली असतीस, आणि हातात सुई असली की मला बरं सुचतं. जिथे लाल दोरा दिसेल ते बोलणं माझं. तू कंस लावलायस तेही आणि लावायचा विसरलीस तेही. विसरलीस खूप ठिकाणी. बॉयलर पेटवताना पहिली वाफ सोडून द्यायची, हे तुला काय पुस्तकात मिळालं? हिरवा दोरा इस्त्रीवालीचा. तिचं बोलणं माझ्या नावावर घातलंयस, तिला कळलं तर इस्त्री फेकून मारेल, आणि ती नेम धरून मारते. कागद फार पातळ आहे तुमचा. मागून अंगठा धरून टाका घालावा लागला, तरी दोन पानं फाटली. चिकटवलीत.

बाकी काही सापडलं तर तुझं तू बघ.

संमतीचा कागद फडताळात ठेवलाय. घाई करू नकोस.

इथे ठीक. सध्या दोनच ड्रम चालतात, त्यामुळे कानाला आराम. परवा दोघं जण फीत घेऊन आले, सगळी खोली मोजून गेले, माझं टेबलसुद्धा मोजलं. रंग देणार असतील. देऊ देत, भिंती वाफेने काळ्या पडल्यात.

काय खातेस, कधी झोपतेस ते लिही. वाळलीस म्हटलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस.

मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

पेपर मिळाला. पाकीट इथल्या कार्यालयात उघडलं, सगळ्यांसमोर. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हे काय, गोधडी आलीय का?" मी म्हटलं, घरून दुरुस्त्या आल्यात. त्यांनी चष्मा वर करून एकेक पान पाहिलं. मग म्हणाल्या, "लाल तर फारच आहे." मान खाली घालून मी राहिलेले कंस लावले. इस्त्रीवालीचं तिला दिलं. आणि एक तळटीप घातली: 'ही लेखिकेची मावशी. लेखिका तिच्याकडे वाढली.' बाई म्हणाल्या, परीक्षक बोलतील. म्हटलं, बोलू देत.

पण मला दुसरंच विचारायचंय.

पहिलं पान हातात धरलं होतं आणि पहिल्याच वाक्याखाली अंगठ्याला काहीतरी लागलं. बघितलं तर काही नाही. पुन्हा अंगठा फिरवला. पांढऱ्या कागदावर पांढरा दोरा होता.

आई तसा टाका घालायची ना? हॉटेलांचे पांढरे टेबलक्लॉथ तिच्याकडे असायचे, त्यांवर रंगीत खूण चालायची नाही, म्हणून ती पांढऱ्यावर पांढरी घालायची आणि अंगठ्याने शोधायची. हे तूच मला सांगितलंस. माझ्या पेपरात आहे, तुझ्या नावाने, कंसात.

मग मी खोलीवर येऊन डोळे मिटले आणि सगळी पानं चाचपली. पांढरा टाका आणखी चार ठिकाणी आहे. शिवाय वेगळ्या दोन ठिकाणी पांढरा आणि लाल एकत्र पिळलेला आहे.

मावशी, मी पेपर त्या वाक्याने सुरू केला कारण ते मला सगळ्यांत आवडलं होतं. 'कितीही धुवा, माणूस कुठल्या कुशीवर झोपतो ते त्याच्या अभ्र्यावर राहतंच.' ते तुझं म्हणून लिहिलं. ते आईचं आहे? मला वाटायचं, आईचं एकही वाक्य माझ्याकडे नाही. आवाज तर आठवतच नाही. टेबलाखालून दोघींच्या फक्त चपला दिसायच्या, त्या आठवतात. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटका होता.

असं असेल तर काय करायचं याचा नियम मी शोधला. एकीचं म्हणणं दुसरीकडून कळलं तर तसं सांगायचं, पण संदर्भ द्यायचा तो सांगणारीचा. जी मुळात बोलली तिला वेगळी जागा नसते. मी तो नियम परत परत वाचला.

तिचं जे जे आठवतं ते सगळं मला लिहून पाठवशील? सावकाश, तुला जमेल तसं. पिळलेल्या दोऱ्याच्या जागी कोण बोललंय तेही. पुढच्या वर्षी आले की नीट बसून बोलू, तोवर एवढं.

रंग देणार हे बरं झालं. टेबलामागच्या भिंतीवर मी खडूने रेघोट्या मारल्या होत्या, त्या असतील तर त्यावरून हात फिरव माझ्या वतीने. आणि सही विसरू नकोस, मार्च आला.

मी नीट खाते. झोपतेही, डाव्या कुशीवर.

खार


२८ फेब्रुवारी

खारे,

रंग देत नाहीयेत. लॉन्ड्री विकली. एकतीस मार्चला बॉयलर विझवणार आणि एप्रिलात इथे मोटारींचे सुटे भाग ठेवणार. फीतवाले त्याचेच होते. मला तेव्हाच माहीत होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू लगेच लिहिलं असतंस की कळवत जा, काळजी वाटते, पुढच्या वर्षी येते. मला त्यातलं काही वाचायचं नव्हतं.

हॉटेलांचं काम गावाबाहेरच्या मोठ्या लॉन्ड्रीत गेलंय. मी जाऊन बघून आले. तिथे कपड्याला स्टिकर चिकटवतात आणि मशीन तो वाचतं. एका पोरीने मला दाखवलं, पीक् करून आवाज येतो म्हणे. मला तो आला नाही. तिला म्हटलं, छान आहे. खरंच छान आहे, चुकत नाही. माझ्याकडून काय कमी कपडे हरवलेत? पण तिथे मला काम नाही. मागची खोलीही जाणार, ती लॉन्ड्रीचीच. मी इस्त्रीवालीकडे राहायला जाते. तिच्याकडे एक कॉट आहे आणि तिची जीभ आहे, दोन्ही मला सवयीचं आहे.

आता तुझ्या आईचं.

हो, अभ्र्याचं वाक्य तिचं. नुसता पांढरा आहे त्या पाचही ठिकाणी जे आहे ते तिचं. मीच तुला माझं असल्यासारखं सांगत आले. चोरायचं म्हणून नाही. ती गेल्यावर टेबलाशी मी एकटी, आणि ती बोलायची ते माझ्या तोंडून यायला लागलं. हसायची तसं हसायलाही लागले होते, तेव्हा इस्त्रीवालीने मला झापलं, भुतासारखं करू नकोस म्हणून. पिळलेला दोरा आहे तिथे कोण बोललं ते मला माहीत नाही. कदाचित ती अर्धं बोलली असेल आणि मी पुढचं. कदाचित दोघीही नाही. रागावून पाहिलं स्वतःवर, तरी आठवलं नाही.

तुझा तो नियम मला बरोबर वाटला नाही, पण तुझ्या परीक्षकांपुढे तू शहाणपणा करू नकोस. तिला वेगळी जागा नाही तर नाही. माझ्या कंसात सरकून बसेल ती. एका पलंगावर झोपलोय आम्ही लग्नं होईपर्यंत. तळटीप म्हणजे पानाच्या पायाशी असते असं झेरॉक्सवाल्याने दाखवलं. चालेल. तू आमच्या पायाशीच वाढलीस.

पण तिचं सगळं लिहून पाठव म्हणतेस ते मी करणार नाही. करणार नाही म्हणजे जमत नाही. हे पत्र लिहायलाच मला तीन संध्याकाळी लागल्यात. कागद समोर आला की ती गप्प बसते. टेबलाशी बसले, हातात कपडा आला, दोरा तोडायला वाकले की मधेच काहीतरी बोलते. काल बोलली. एका सदऱ्याच्या खिशात लहान मुलाचं बटण सापडलं आणि मला तिचं ऐकू आलं, "ठेव बाजूला, खारीच्या डब्यात जाईल." माझ्या या कानांना दुसरं काही ऐकू येत नाही, हे आलं. आता हे तू पेपरात कशात घालशील? तारीख कुठली टाकशील?

भंगारवाला एकतीसला टेबल नेणार आहे. मी त्याला विचारलं, मला ठेवायचंय म्हणून. तो म्हणाला, "ठेवा की मावशी, कुठे ठेवता?" इस्त्रीवालीच्या खोलीत ते दारातून जात नाही. मोजून बघितलं.

भिंतीवरच्या तुझ्या रेघोट्या आहेत. हात मी फिरवणार नाही, तुझा तू फिरव. खडू आहे, जास्त घासलं तर जाईल. तुझा बटणांचा डबा माझ्याकडे आहे, तो मी कोणाला देणार नाही.

संमतीच्या कागदावर सही केली, सोबत आहे. मनात होतं की तो अडवून धरायचा आणि म्हणायचं, ये आणि घेऊन जा. फडताळातून काढला, परत ठेवला, परत काढला. झेरॉक्सवाल्यालाही सांगून ठेवलं होतं की पोरगी आली तरच देणार. मग म्हटलं, सहीसाठी आलीस तर सही घेऊन जाशील. म्हणून पाठवली. आता तुझं माझ्याकडे काही अडलेलं नाही. पेपर छाप, नोकरी पक्की कर, त्या खोलीत माणूस आण. नुसत्या स्वल्पविरामांबरोबर राहू नये.

मी जी ओळ करून पाठवली होती तिच्यातलं 'अजून चालू' एकतीस मार्चला खोटं होणार. बॉयलरच्या डाव्या हाताला काही नसेल, मागचं दारही बंद करणार आहेत. शेवटची पाहिली, त्याच्यापुढची तारीख तेवढी अजून बदलता येते. आलीस तर तुझी आई काय काय बोलते ते टेबलाशी बसून ऐक. तू तिच्या जागेवर बस, दोरा मी ओवून देते. दोन दिवस पुरेत. एक पुरे. तुला रजा मिळत नाही, भाडं परवडत नाही, संपादक थांबत नाहीत, हे सगळं मला माहीत आहे, ते परत लिहू नकोस.

नाही आलीस तर मी काही मरत नाही. कॉट आहे, इस्त्रीवाली आहे.

पण वीस मार्चच्या आत मला उत्तर पाहिजे. झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर नको, तो आधी वाचतो. कागदावर लिही, तुझ्या हाताने. येते किंवा येत नाही, एवढंच. येत असशील तर गाडीची वेळ लिही, मी ड्रम लवकर बंद करायला लावीन. वीस मार्च. त्यानंतर या पत्त्यावर काही टाकू नकोस.

मावशी